छातीतला ठिपका

आमच्या घरी सोनोग्राफीतलं सगळ्यात जास्त कोणाले कळत असेल, तर माझ्या सासऱ्याले. अन्‌ त्या नऊ महिन्यांत मले सगळ्यात जास्त ताप झाला तोही त्यांच्या त्या कळण्याचाच. आमच्याकडे सासऱ्याले मामाजी म्हणतात. मामाजीची सारी नोकरी भिलाईच्या पोलादाच्या प्लांटात गेली, जिथं रेल्वेचे रूळ तयार होतात त्या खात्यात. तयार झालेली रेल मशीननं तपासायची, हे त्यांचं काम. लग्न होऊन मी भिलाईत आली तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात, कूलरसमोर बसून त्यांनी मले ते समजावून सांगितलं होतं. रेलवर पाणी सोडायचं, वरून प्रोब, म्हणजे मशीनचं हातात धरायचं टोक, ठेवायचा. आपल्याले ऐकू येत नाही असा आवाज आत जातो, तळाले आपटून वापस येतो. पडद्यावर सुरुवातीले एक उभी रेघ, शेवटी एक, अन्‌ मधात काही नाही पाहिजे.

"मधात साफ, म्हणजे माल चांगला," मामाजी म्हणाले होते. "मधात काही उठलं का रंग मारायचा अन्‌ बाजूले काढायचा. मंग साहेब येवो का साहेबाचा बाप येवो, सोडायचा नाही."

मले तेव्हा त्यांचं भारी कौतुक वाटलं. मी शाळेत गणित शिकवते. नेमकं बोलणारं माणूस मले आवडते. सासू मात्र म्हणायची, "याईच्या रेलवरून अर्धा देश फिरून राहिला, अन्‌ हे स्वतः नागपूरच्या पुढं गेले नाहीत."

पहिल्या वेळेस दिवस राहिले तेव्हा दुसऱ्या महिन्यात सोनोग्राफीले गेली, तर ठोकेच दिसले नाहीत. आठवड्यानं पुन्हा पाहिलं, तेव्हाही नाहीत. यावर मी जास्त लिहीत नाही. ज्या डॉक्टरनं पाहिलं तो मशीनकडे पाहत राहिला, मग बाहेर जाऊन माझ्या नवऱ्याशी बोलला, अन्‌ मी पोटावरचा चिकट जेल पुसत आत एकटी बसून होती. नंतर जो येईल तो म्हणे, होते असं, पुन्हा होईल. माझं डोकं असं सणकायचं का काय सांगू. मामाजी तेवढे काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्वतः चहा करून माझ्यापुढं ठेवायचे अन्‌ निघून जायचे.

दीड वर्षानं पुन्हा दिवस राहिले. या वेळी मी सांगून टाकलं, त्या डॉक्टरकडे मेली तरी जाणार नाही. कोणीतरी वैशाली नगरातल्या एका मॅडमचं नाव सुचवलं. गल्लीतलं छोटं सेंटर, बाहेर बाकड्यावर पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेल्या बाया, आत अंधार अन्‌ एसी. मॅडम ठेंगणी, केसाले क्लिप, भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर. बोलायची हिंदीत; मी इथं आपल्या भाषेत सांगून राहिली. मी टेबलावर झोपली तर प्रोब हातात घेऊन तिनं पहिले काय म्हणावं?

"आधी मी पाहीन, मग तुम्हाले दाखवीन. मधात मी चूप राहीन. घाबरू नका, चूप असते तेव्हा मी मोजत असते."

एवढं एक वाक्य. पण त्या एका वाक्याले मी आजही हात जोडते. पहिल्या वेळेस ती चुप्पीच मले खाऊन गेली होती, अन्‌ कोणाले ते सांगायचं सुचलं नव्हतं. मॅडम चूप राहिली, मी छताकडे पाहत राहिली, अन्‌ मग तिनं पडदा माझ्याकडे फिरवला. काळ्या पिशवीत तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी, अन्‌ त्याच्या मधात लुकलुक, लुकलुक. मी हमसून हमसून रडली. मॅडमनं टिश्यूचा डबा माझ्या छातीवर ठेवला अन्‌ म्हणाली, रडा, पण पोट हलवू नका, माप चुकते.

तिसऱ्या महिन्यात लेकराच्या मानेमागचं माप घ्यायचं होतं, तर ते पालथं. फिरायलेच तयार नाही. मले खोकायले लावलं, कुशीवर केलं, गल्लीत दोन चकरा मारून यायले सांगितलं, आंब्याचा ज्यूस पाजला. बाहेरच्या बाया कुरकुर करू लागल्या. दुसरी कोणी असती तर अंदाजानं आकडा टाकून मोकळी झाली असती. मॅडम म्हणे, वाकडं माप घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं. चौथ्यांदा झोपवलं तेव्हा लेकरानं एक उडी मारली अन्‌ सरळ झालं. मॅडम स्वतःशीच हसली. घरी येऊन मी हे सांगितलं तर मामाजीनं मान डोलावली. म्हणाले, बाई पक्की दिसते.

अन्‌ पाचव्या महिन्यात तो ठिपका निघाला.

ही मोठी सोनोग्राफी असते. लेकराचं सारं काही पाहतात. मॅडम मोठ्यानं बोलत बोलत दाखवत होती: हा ओठ, सलग आहे. हा पाठीचा कणा, मोत्याच्या माळीसारखा. हे दोन मूत्रपिंड, हे पोट, हा अंगठा. मी तर अशी हरखून गेली होती का बस. मग ती छातीवर आली अन्‌ चूप झाली. लय वेळ चूप. प्रोब थोडा इकडे, थोडा तिकडे. मग पडदा फिरवून तिनं बोट ठेवलं. हृदयाच्या डाव्या कप्प्यात पांढरा चमकता ठिपका होता.

"मी लपवत नाही," ती म्हणाली. "हे छिद्र नाही. आतल्या स्नायूत चुन्याचा बारीक कण असतो, तसं आहे. बाकी सारं चांगलं असलं तर एकट्या ठिपक्यानं सहसा काही होत नाही. लेकराचं मानेमागचं माप चांगलं होतं, रक्ताची तपासणीही चांगली आहे. तरी महिन्याभरानं हृदय पुन्हा नीट पाहू."

"म्हणजे पक्कं काही नाही ना?" मी विचारलं.

"पक्कं मी कोणालेच सांगत नाही," ती म्हणाली.

त्या वेळेस तिचा असा राग आला. खोटं बोलायले काय जात होतं बाईचं? पण स्कूटरवर मागं बसून येताना वाटलं, जी खोटं हो म्हणत नाही, तिच्या चांगल्यावर तरी भरवसा ठेवता येते.

घरी नवऱ्यानं हसत हसत सांगायचा प्रयत्न केला. छोटासा ठिपका आहे बाबा, काही नाही म्हणे. मामाजी जेवत होते. घास ताटात ठेवला अन्‌ विचारलं, "ठिपका मधात हाय का कडेले?"

"मधात."

"उजेड किती? जास्त का कमी?"

नवऱ्याले ते काय माहीत. मामाजी उठले, हात धुतले अन्‌ अंगणात जाऊन बसले. त्या दिवसापासून घरात त्यांचा आवाज बंद. मले पाहिलं का नजर दुसरीकडे. मी मनाले समजवायची, मॅडमनं सांगितलं ना, सहसा काही होत नाही. पण समोर सारी नोकरी याच कामात काढलेला माणूस तोंड पाडून बसला असला, तर मनाची समजूत किती दिवस टिकते? मले रसमड्याच्या नोकरीवरून थकून येणाऱ्या नवऱ्यापुढं रडता येईना अन्‌ मामाजीपुढं हसता येईना.

एका संध्याकाळी मी वरणाले फोडणी देत होती. बाहेरच्या खोलीत मामाजी पोराले हळूच सांगून राहिले होते, "एका मशीनच्या भरवशावर राहू नको. रायपूरले दाखव. मधात असं उठलेला माल आम्ही कधी सोडला नाही."

मी गॅस बंद केला अन्‌ हातात सांडशी तशीच घेऊन बाहेर आली.

"माल कावून म्हणता जी, मामाजी?" मी म्हटलं. "माह्या पोटावर रंग मारता का? अन्‌ बाजूले काढून ठेवता कुठं? सांगा ना."

सासू म्हणे, "अवं हळू, लोक आयकतीन." मी म्हटलं, आयकू द्या. नवरा मधात उभा, कोणाकडे पाहावं त्याले समजेना. मामाजी एकदम म्हातारे दिसले. माझ्या माहेरी, जवळच्याच पद्मनाभपुरात, आईले हे कळलं तर ती म्हणे, सासऱ्याले असं बोलतात का? मी म्हटलं, सासऱ्यानं नातवंडाले असं बोलावं का?

महिन्यानं हृदयाची तपासणी होती. त्या दिवशी सकाळी मामाजी इस्त्रीचा शर्ट, पायात बूट घालून दारात उभे. "मी येऊ का?" म्हणाले. मी म्हटलं, या.

आत एकालेच येऊ देतात. नवरा म्हणे, बाबा, तुम्ही जा. आता सासऱ्यासमोर पोट उघडं टाकून झोपायचं म्हणजे काय होते, हे बाई झाल्याशिवाय कळणार नाही. मॅडमले न सांगता समजलं. तिनं मधातला हिरवा पडदा ओढला अन्‌ मामाजीले पलीकडे, भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनपुढं उभं केलं. मले ते दिसत नव्हते, फक्त बुटाची करकर ऐकू येत होती.

मॅडम चूप राहून मोजत होती. ठिपका तिथंच होता, तसाच पांढरा. अन्‌ पडद्यापलीकडून मामाजीचा आवाज आला, "मॅडम, जरा दुसऱ्या बाजूनं पाहून घेता का?"

मले वाटलं, धरती फाटावी अन्‌ मी आत जावी. पण मॅडमनं नुसतं विचारलं, "बाबूजी, हे कुठं शिकलात?"

"रेल तपासत होतो जी, प्लांटात."

"अच्छा," ती म्हणाली, अन्‌ खरंच प्रोब दुसऱ्या बाजूले नेला. "घ्या, पाहा."

"आहेच," मामाजी म्हणाले.

"आहेच," मॅडम म्हणाली. "बाबूजी, तुमच्या रेलमधे आत काही हलत होतं का?"

"नाही जी. रेलच्या आत काय हलन?"

"मग इथं ठिपका सोडून द्या. त्याच्या बाजूले ती झडप आहे, ती पाहा. उघडून राहिली, बंद होऊन राहिली. ठिपका असून तिचं काही अडते का, ते मी पाहते. आता या चार खोल्या पाहा. आता हे रक्त."

तिनं एक बटन दाबलं अन्‌ काळ्या-पांढऱ्यात लाल-निळं वाहू लागलं. एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर, कुठं अडणं नाही, कुठं उलटं फिरणं नाही. मग तिनं आवाज चालू केला. सारी खोली त्या धावत्या ठोक्यांनी भरली. एवढी वर्षं मी गणित शिकवून राहिली, पण इतकं बिनचूक काही मी पाहिलं नव्हतं, अन्‌ ते माझ्या पोटात, मले न विचारता चालू होतं. बुटाची करकर थांबली होती. मामाजीनं विचारलं, "मॅडम, हे आत्ताचं हाय का?"

"आत्ताचं. याच घडीचं."

मी साडी सावरून उठली तेव्हा मामाजी रुमालानं चष्मा पुसत होते. मॅडमनं रिपोर्टात ठिपका लिहिला, अन्‌ हृदय चांगलं काम करते हेही लिहिलं. दोन्ही लिहिलं. बाहेर येऊन मामाजी पोराले म्हणाले, "रायपूर-फायपूर काही नाही. ही बाई उस्ताद हाय." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "चालून राहिलं वं सारं आतमधी." त्या दिवशी घरी येऊन ते पोटभर जेवले.

पुढं आठव्या महिन्यात अन्‌ शेवटी शेवटी एकेकदा गेली. वजन, पाणी, नाळेचा प्रवाह, सारं ठीक. गाल भरले होते, मूठ तोंडापाशी. शेजारणी विचारायच्या, काय आहे म्हणे? मी म्हणायची, लेकरू आहे, सेंटरवरचा बोर्ड वाचता येत नाही का? शेवटच्या वेळी मॅडम प्रोब पुसता पुसता म्हणाली, "दिवसभर मी पोरंच पाहते, पण रंग एकाचाही माहीत नसते मले. झाल्यावर कोणी दाखवायले येत नाही." मी म्हटलं, मी आणीन.

पोरगी झाली. सावळी, माझ्यावर गेलेली, अन्‌ आवाज असा का साऱ्या वॉर्डाले समजलं. लेकरांच्या डॉक्टरनं छातीले नळी लावली, म्हणाला, चांगलं आहे. सव्वा महिना झाल्यावर आम्ही तिले वैशाली नगरात नेली. मामाजीनं तिले कोणाच्या हाती दिली नाही, स्वतः छातीशी धरून आणली. मॅडम दोन पेशंटच्या मधात बाहेर आली, डोळे बारीक करून, अंधारातून उन्हात आल्यावर होतात तसे. पोरीले उचलून दाराच्या उजेडात नेलं अन्‌ कपाळावरून बोट फिरवलं.

"अशी आहे होय," म्हणाली, अन्‌ कितीतरी वेळ पाहतच राहिली.

मग माझा चेहरा पाहून तिनंच म्हटलं, "गरज काही नाही. पण तुमच्या मनाची शांती होत असेल तर एक मिनिट पाहते, ठिपका आहे का गेला."

खरं सांगते, माझ्या ओठावर हो आलं होतं. इतके महिने मी मामाजीले बोलली, अन्‌ रात्रंदिवस पोरीच्या छातीवर कान ठेवून असायची ती मीच. मी मामाजीकडे पाहिलं. ज्या माणसानं जन्मात मशीनले नाही म्हटलं नव्हतं, तो पहिले हो म्हणेल, मले खात्री होती.

मामाजीनं मॅडमच्या हातातून पोरगी घेतली, टोपडं नीट केलं.

"राहू द्या जी, मॅडम," ते म्हणाले. "असला तर असू द्या. आमची हाय."