चौथी हाक

बुरुलचाला लोखंड म्हणता येत नसे. जिभेत दोष नव्हता, जीभ चांगली चुरुचुरु चालायची. पण तिच्या थोरल्या दिराचं नाव तेमिर, आणि तेमिर म्हणजे लोखंड. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेनं तोंडावाटे काढायचं नाही, आणि नाव एखाद्या वस्तूचं असेल तर ती वस्तूही नाही. त्यामुळे आमच्या चौदा नंबरच्या इमारतीचं लोखंडी फाटक तिच्या लेखी 'काळं दार' होतं आणि फावडं म्हणजे 'बर्फाचं काळं'. मी बिश्केकात जन्मलेली, तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेली बाई. मला या प्रकाराचं हसूच यायचं. रेल्वेला आमच्यात लोखंडी रस्ता म्हणतात, म्हणून एकदा मी तिला मुद्दाम विचारलं की तू नारीनहून आलीस तर स्टेशनावर कशातून उतरलीस? ती म्हणाली, "एजे, नारीनला काळा लांब रस्ता जातच नाही. मी बसनं आले." मला एजे, म्हणजे ताई, म्हणणाऱ्या शेजारच्या सुनेनं भूगोलाच्या बाईची चूक काढली होती. आम्ही दोघी जिन्यातच बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. आज ते आठवलं की माझा मलाच संताप येतो.

ती शिसं ओतायची. दचकलेल्या माणसाचा कुत, म्हणजे जिवाचा गाभा, अंगातून गळून पडतो आणि जिथं पडला तिथंच चाळीस दिवस वाट बघत राहतो. ज्यानं पाहिला नसेल त्याला सांगते, दुधावरच्या सायीच्या तुकड्याएवढा असतो, तसाच पांढुरका आणि थरथरता. माणूस मात्र खातो, झोपतो, विचारलं तर मान हलवतो, पण त्याच्यात कोणी नसतं. मग बुरुलचा शिसं वितळवायची, मी त्या माणसाच्या डोक्यावर पाण्याचं भांडं धरायची आणि ती पळीतून शिसं पाण्यात सोडायची. चर्र आवाज होऊन वाफ उठली की वाफ टिकेल तोवर कुत दिसतो. तेवढ्यात त्याला नावानं हाक मारायची. जी शिसं ओतते, तिच्याच आवाजाला तो येतो. तीनदा ओतायचं, तीनदा हाक मारायची. चौथी हाक नसते, कारण तिसऱ्यानंतर भांड्यातलं पाणी मेलेलं असतं.

पाचव्या मजल्यावरच्या मुलीला कुत्र्यानं धरलं होतं तेव्हा तिचा कुत बाकाखाली सापडला. पहिल्याच हाकेला टुणकन उडी मारून आला. आसपासच्या तीन वसाहतींतली माणसं बुरुलचाकडे यायची, आणि दवाखान्यातली डॉक्टरीणसुद्धा, गोळ्यांनी भागलं नाही की हळूच आमच्या जिन्याचा पत्ता सांगायची.

लग्न होऊन आली तेव्हा बुरुलचा बावीस वर्षांची होती. नवरा कुबात, घरातला धाकटा. थोरला तेमिर आमच्या आणि शेजारच्या दोन इमारतींच्या लिफ्टा सांभाळायचा. कमरेला किल्ल्यांचा झुबका असे, त्यामुळे तो दिसायच्या आधी ऐकू यायचा. नाव घ्यायचं नाही तर हाक कशी मारायची? नव्या सुनेनं तिसऱ्या दिवशीच त्याला नाव शोधलं, किणकिण आके, म्हणजे किणकिण दादा. सासू कालिपा, जिला सगळे एने म्हणजे आई म्हणत, सहसा हसत नसे. तीही डोक्यावरच्या रुमालात तोंड लपवून हसली आणि तेच नाव चाललं.

चौथ्या हिवाळ्यात मूत्रपिंडाच्या दुखण्यानं कुबात गेला. मूलबाळ नव्हतं, माहेरी कोणी उरलं नव्हतं. सून म्हणून आली, सून म्हणून राहील, असं एनेनं चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सातव्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत मग तिघं राहिली. आई, बिनलग्नाचा थोरला मुलगा आणि धाकट्याची विधवा.

पुढच्या चौदा वर्षांत काय झालं ते सांगायचं तर काहीच झालं नाही. पण मी त्यांच्याकडे चहाला बसायची आणि मला डोळे आहेत. आमच्याकडे प्याला काठोकाठ भरून दिला की पाहुण्यानं समजायचं, आता उठा. ज्याला बसवून घ्यायचं त्याला तळाशी दोन घोट ओतायचे, म्हणजे तो प्याला पुन्हा पुढे करतो. बुरुलचा तेमिरला इतका कमी ओतायची की प्याल्याचा तळ जेमतेम झाकला जाई. तो तेवढा प्यायचा आणि प्याला पुढे करायचा. ती मान खाली घालून घ्यायची, ओतायची, पुन्हा द्यायची. नोरूजच्या सणाला, वसंतातल्या आमच्या नववर्षाच्या दिवशी, मी मोजलं, अकरा वेळा. बोटाला बोट लागायचं ते तेवढंच. एने समोर बसून बोर्सोक, तळलेल्या पिठाचे तुकडे, चावत असायची. तिला दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

लिफ्टमधलं सातव्या मजल्याचं बटण एकदा कोणीतरी सिगरेटनं जाळलं. तेमिरनं तिथं कोटाचं जांभळं बटण बसवलं. बुरुलचाच्या हिवाळी कोटाचं एक बटण हरवलं होतं, तेच ते. त्याच्याकडे कुठून आलं हे मी विचारलं नाही, आणि तिनंही कोटाला दुसरं लावलं नाही.

एका वसंतात तो माझ्या दारात आला. हात ग्रीसनं माखलेले, किल्ल्या मुठीत घट्ट धरलेल्या, जणू आवाज व्हायला नको.

"दारिका एजे, तुम्ही बोलाल का? मला तिच्यासमोर शब्द सुचत नाहीत."

"कोणासमोर? आईसमोर की तिच्यासमोर?"

"दोघींसमोर," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. पंचेचाळिशीचा बाप्या, आणि कान शाळकरी मुलासारखे.

मी लग्नाचं बोलले. बुरुलचाला विचारलं तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि बराच वेळ वळली नाही, म्हणजे उत्तर मिळालं. एनेशी बोलले तेव्हा मात्र मी हरले. धाकटा दीर असता तर आपण स्वतः लग्न लावून दिलं असतं, पण थोरला बापाच्या जागी, हे ती तीनदा म्हणाली. मी कायदा सांगितला, काळ सांगितला, आवाजही चढवला.

"एक मुलगा मी पुरला," ती म्हणाली. "दुसरा तिच्या हाती देऊ?"

बुरुलचा स्वयंपाकघरातून ऐकत होती. एनेनं तिला बाहेर बोलावलं, दस्तरखानावरची, म्हणजे जेवणाच्या कापडावरची, अख्खी रोटी तिच्या दोन्ही हातांवर ठेवली आणि शपथ घ्यायला लावली, की या घरात आहे तोवर दिराचं नाव ओठांवर येणार नाही. बुरुलचानं एका दमात शपथ घेतली. रोटीवरची शपथ आमच्याकडे मोडत नाही. तिला जिन्यात गाठून मी तिच्यावर चिडले, माझ्याकडे एक खोली रिकामी आहे, उचल गाठोडं आणि चल म्हटलं.

"मी निघाले तर ते आईला सोडून येतील, एजे," ती म्हणाली. "आणि मग रोज आईसाठी झुरतील. ते मला बघवणार नाही."

त्या संध्याकाळीही तिनं त्याला तळापुरताच चहा ओतला.

ऑक्टोबरात लिफ्टचा दोर तुटला. तेमिर पेटीच्या टपावर काम करत होता. पेटी खाली कोसळली आणि तो सहाव्या-सातव्या मजल्यांच्या मधे कठड्याला धरून भर दुपारी तीन तास लोंबकळत राहिला. काढला तेव्हा अंगावर ओरखडा नव्हता. आम्ही सगळे हुश्श म्हणालो. मग त्यानं आईकडे पाहिलं, बुरुलचाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिघींकडे बघणं अगदी सारखं होतं. त्याला खिडकीपाशी बसवला, तो बसला. किल्ल्या कमरेलाच होत्या, पण तो इतका हळू चालायचा की वाजत नसत.

एनेनं मुल्लाला आणलं. मग कोचकोर गावच्या एका नावाजलेल्या बाईकडे त्याला घेऊन गेली. ती बाई म्हणाली की कुत इथं नाही, पडला तिथंच आहे, आणि तुझ्या घरात शिसं ओतणारी असताना माझ्या दारात कशाला आलीस? एने परत आली. दिवस जात होते. बुरुलचानं तोंडानं काही मागितलं नाही, पण पळी घासून चुलीजवळ ठेवलेली मी रोज बघत होते. मी एनेला बोल बोल बोलले. ती ऐकायची आणि जपमाळ ओढायची.

चाळिसाव्या दिवशी सकाळी तिनं रोटी आणली, बुरुलचासमोर तिचे दोन तुकडे केले आणि एक स्वतःच्या तोंडात घातला.

"शपथ मी खाल्ली," ती म्हणाली. "तिचं पाप मला लागो. जा, त्याला हाक मार."  मला तिची दया आली, हे मी कबूल करते.

दुपारी आम्ही तळमजल्यावर लिफ्टच्या उघड्या दारात जमलो. पेटी हलवलेली होती, वर नवव्या मजल्यापर्यंत नुसता काळोखा चौकोन. तेमिरला स्टुलावर बसवलं. मी त्याच्या डोक्यावर भांडं धरलं. शिसं वितळत असताना बुरुलचाचे ओठ हलत होते. अठरा वर्षांत कधी न घेतलेलं नाव ती आवाज न करता घोकत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"एजे, कुठल्या नावानं बोलावू?"

"कुठल्या म्हणजे? पासपोर्टावर आहे त्या. सुनेचे खेळ आता इथं नकोत."

"नीट घे," मागून एने म्हणाली. "स्पष्ट घे."

तिनं शिसं सोडलं. वाफ उठली आणि मला तो दिसला, वर सहाव्या मजल्याच्या कठड्याला चिकटलेला, तळहाताएवढा. बुरुलचानं हाक मारली, "तेमिर." आवाज तिचाच होता, पण शब्द तिच्या तोंडात परका होता, पाहुण्याच्या चपला घातल्यासारखा. कुत जरासा हलला. बसथांब्यावर कोणी आपल्या नावाच्या दुसऱ्याच माणसाला हाक मारावी आणि आपण वळून पाहावं, तसा. मग पुन्हा भिंतीकडे झाला.

दुसऱ्यांदा ती मोठ्यानं म्हणाली. तो हललाही नाही. तिसऱ्यांदा तिनं ते नाव असं काही घेतलं की वरच्या मजल्यांवरची दारं उघडली. अठरा वर्षांचं सगळं त्यात होतं, आणि एनेनं भिंतीला हात टेकला. कुत तिथंच राहिला. भांड्यात शिसं सपाट पडलं, वर काही उमटलं नाही.

बुरुलचाच्या हातून पळी सुटली. ती खड्ड्याच्या काठाशी बसली. हाक मारायचं तिच्या मनातही नव्हतं. ती रोज संध्याकाळी म्हणायची तेच सवयीनं पुटपुटली.

"किणकिण आके, चहा निवतोय हो."

वाफ अजून पुरती विरली नव्हती. तो सुटला. कठड्यावरून सुटून खाली येऊ लागला, पाचवा, चौथा, तिसरा, आणि येताना बारीक किणकिण होत होती, किल्ल्यांची. सगळ्यांनी ऐकली. तो तिच्या पसरलेल्या हातापर्यंत आला. मी वेड्यासारखी भांडं हलवत राहिले, पण पाणी मेलेलं होतं, त्याला अंगात घालायला वाटच नव्हती. तळव्यावर पडलेल्या बर्फासारखा तो तिथं विरघळला. स्टुलावरच्या तेमिरनं हात कमरेकडे नेला, किल्ल्यांना लावला आणि खाली सोडला.

अठरा वर्षं तिच्या तोंडून त्यानं एकच नाव ऐकलं होतं. तिला ते माहीत होतं, म्हणून तर तिनं विचारलं. आणि पासपोर्ट दाखवला मी. एने म्हणते की दोष तिचा, बुरुलचा म्हणते की कोणाचाच नाही. मला माहीत आहे कोणाचा.

याला तीन वर्षं झाली. बुरुलचा आता शिसं ओतत नाही, आलेल्यांना कोचकोरला पाठवते. तेमिरला ती नावानं हाक मारते, एने काही म्हणत नाही. किणकिण आके म्हणूनही तिनं पुष्कळ पाहिलं. तो खिडकीतून डोंगराकडे बघत असतो, तसाच बघत राहतो. परवा जिन्यात ती मला सहज म्हणाली, "एजे, येताना लोखंडी फाटक लावून घ्या." मी हो म्हटलं, आणि घरी येऊन रडले.

चहाला मी अजून जाते. पहिल्यांदा तिनं त्याचा प्याला काठोकाठ भरला तेव्हा माझा हात थांबला.

"असं बघू नका, एजे," ती म्हणाली. "ते प्याला पुन्हा पुढे करत नाहीत."

तिनं तो भरलेला प्याला दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या ओठांना लावला.