मागच्या भिंतीची खाट

“रविवारी ठाण्याची माणसं येणार, आणि हॉलमध्ये तो बामाचा वास! विचार कर ना जरा,” दादा मित्राला हळूच म्हणाला.

मी त्यांच्या मागेच उभी होते. दादाचं लग्न ठरलं होतं. सासरची माणसं घर बघायला यायच्या आत त्याला होम थिएटर हवं होतं. नालासोपाऱ्याच्या त्या दुकानात माझं काम एवढंच, की खोक्यावरचं इंग्रजी वाचून सांगायचं. माझी मान खोक्यात होती, तेव्हा मला ऐकू येत नाही असं दोघांनी धरलं होतं. गप्प मुलीबद्दल लोक बरंच काही धरून चालतात.

बाम आत्याचा होता. नवरा गेल्यावर ती निर्मळला दिराच्या घरी मागच्या पडवीत राहायची, केळीच्या घडांच्या आणि रिकाम्या पाट्यांच्या सोबतीने. बाबांनी तिला आचोळ्याला आमच्या वन बीएचकेमध्ये आणलं. हॉलच्या मागच्या भिंतीला तिची खाट लागली, खाली माझी गादी. ती पाण्याला ‘पानी’ म्हणायची. दादा चारचौघांत तिला सुधारायचा आणि ती ओशाळून हसायची. तेव्हा मला दादाची किळस यायची.

“पाच हजार वॅट!” दुकानदार खोक्यावर थाप मारत म्हणाला. मी मागची बारीक अक्षरं वाचली. प्रत्यक्षात एकेका स्पीकरच्या वाट्याला पन्नास-साठ वॅट येणार होते. तसं सांगितल्यावर मित्र हसला. “ताई, तुम्ही फार वाचता.” गालातला गुटखा सांभाळत तो बोलत होता आणि गुटख्याने माखलेल्या बोटांनी रिसीव्हरचं, म्हणजे सगळे स्पीकर जोडायच्या मुख्य डब्याचं, प्रत्येक बटण दाबून बघत होता. बटणांवर तांबूस ठसे उमटले. दुकानदाराने ते शर्टाच्या बाहीने पुसले आणि तोच पीस आम्हाला बांधून दिला.

शेजारचा साधा काळा रिसीव्हर आमच्या खोलीला पुरला असता. त्याला वायरी जोडायच्या जागाही जास्त होत्या. पण दादाने हाच घेतला, तो निळ्या डिस्प्लेसाठी. निळा दिवा दारातून दिसतो. शिवाय ह्याच्यासोबत एक छोटा माइक होता. स्पीकरचा खोलीतला आवाज माइकमधून ऐकून रिसीव्हर स्वतःच सगळं जमवून घेतो, असं दुकानदार म्हणाला.

घरी आल्यावर मित्राने खोलीवरून एक नजर फिरवली. “मागचे दोन स्पीकर बरोबर खाटेच्या जागी येणार.”

“मॅन्युअलमध्येच आहे, बाबा,” दादा लगेच म्हणाला. “मागे खाटबिट चालत नाही. आत्याला थोडे दिवस निर्मळला सोडू. तिला तिकडची हवा मानवते.”

मानवते! त्या पडवीतल्या ओलीनेच तिला हा खोकला लागला होता. आणि दादाचे थोडे दिवस म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना कळत होतं. बाबा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. छापील इंग्रजीपुढे ते नेहमीच मऊ व्हायचे. आत्याने कोणी सांगायच्या आतच पिशवी काढली आणि साड्या भरायला घेतल्या.

दादाने मागचे दोन स्पीकर तूर्त खाटेच्या दोन टोकांना ठेवले आणि मी वायरी जोडल्या. मित्राने एक उलटी लावली होती, ती काढून नीट लावली. मग मॅन्युअल पहिल्यापासून वाचलं. त्यात एका खोलीचं चित्र होतं. मधोमध सोफा, सभोवती स्पीकर, बाकी नुसती मोकळी फरशी. त्या घरात कोणी झोपत नव्हतं, कोणी आजारी पडत नव्हतं. चित्राखालच्या दोन ओळी मी पुन्हा वाचल्या.

मग माइक लावायची वेळ आली. सोफ्यावर डबे रचून तो कानाच्या उंचीला ठेवला. आता कुणी आवाज करायचा नव्हता. पंखा बंद, आईचा कुकर बंद. एकेका स्पीकरमधून फस्स करून आवाज निघू लागला आणि आत्या खोकली. डिस्प्लेवर एरर आला.

“झालं!” दादाने कपाळावर हात मारला.

पुन्हा लावलं. पुन्हा खोकला.

“आत्या, तुमचा बेस जबरदस्त आहे हां,” मित्र म्हणाला. दादा खदखदून हसला. बाबा खिडकीतून खालच्या पाण्याच्या टँकरकडे बघत राहिले.

पुढच्या वेळी आत्याने पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. तिचे खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि रिसीव्हर निवांत खोली मोजत होता. सगळ्यांचे डोळे डिस्प्लेवर. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. नव्या प्लास्टिकचा वास, मित्राचं तुंबलेलं तोंड, बाबांची पाठ, सगळ्याचीच मला घाण वाटली.

“ओके आलं!” दादा ओरडला. “चल आत्या, अंधार पडायच्या आत पोहोचू. बाबा, मागे खाट चालत नाही हे तुम्हाला खोटं वाटत असेल तर हिला विचारा. इंग्लिश मीडियमची आहे.”

बाबा खिडकीपासून वळले. “असं लिहिलंय का गं?”

माझं मराठी अडखळायचं, म्हणून मोठ्यांच्या बोलण्यात मी पडतच नसे. नुसती मान हलवली असती तरी त्यांचं भागलं असतं. आत्या खाटेवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पदर अजून तिच्या तोंडातच होता. ओके आलंय, आता खोकलं तरी चालेल, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

“नाही, बाबा,” मी म्हणाले. “मागे जागा नसेल तर ते दोन स्पीकर लावू नका, असं लिहिलंय. मी काढतेय ते. आत्या, पिशवी ठेव खाली. आणि पदर काढ तोंडातून. खोक तू.”