तुले कसं मालूम?

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांइतका फळ्याचा वैरी उभ्या झाडीपट्टीत दुसरा झाला नसेल. आरमोरीजवळच्या या हायस्कुलात मी मराठी शिकवते. माझ्या तासाला खडू झिजून बोटं पांढरी व्हायची आणि शेजारच्या वर्गात सरांचा फळा वर्षभर कोरा करकरीत. मुलांनी आधी डोळ्यांनी पाहायचं, मग वहीत आपल्या शब्दांत लिहायचं, आकृती काढायची, वाकडी आली तरी चालेल. चुकलं तर खोडायचं नाही, एक रेघ मारून पुढे जायचं. "चुकीचं बी दिसू द्या ना, कुठून कुठी आलो ते समजते," म्हणायचे. जप्त केलेल्या खोडरबरांनी त्यांचा बिस्किटांचा एक डबा भरला होता. स्वतःची छोटी वही तर सदैव शर्टाच्या खिशात.

मुलांच्या वह्या तपासायचं त्यांना व्यसनच होतं. एसटीत तपासत, लग्नाच्या पंगतीत एका हाताने वरणभात कालवत दुसऱ्या हाताने पानं उलटत, त्यामुळे बऱ्याच जणांच्या अमिबाला हळद लागलेली असे. रोवणीच्या दिवसांत मुलं भाताच्या बांधीत राबायला जात, तेव्हा चिखल लागलेली वही आली की सर खूश, कारण वही शेतापर्यंत गेली होती. बरोबरची खूण मात्र त्यांनी कधी केली नाही. समासात पेन्सिलीने एवढंच लिहीत, 'तुले कसं मालूम?' आम्हीही त्यातून सुटलो नव्हतो. आज खिचडी छान झालीय, असं मी एकदा म्हणाले, तर लगेच, "तुमाले कसं मालूम बाई? अजून खाल्ली कुठी?"

एकदा सातवीतल्या एका मुलीने गाइडातून उतरवलं की ग्लासाखाली झाकलेली मेणबत्ती हवा अपुरी पडल्याने विझते. समासात सरांचा प्रश्न आलाच. दुसऱ्या दिवशी ती ग्लासासोबत घरची लोणच्याची काचेची बरणी घेऊन आली आणि तिच्यामागोमाग तिची आई.

"लोणचं भाताच्या गंजात ओतून पोट्टी बरणी घेऊन पयाली! कुठी हाये माही बरणी?"

"देतो ना बाई. बसा जरा, मेणबत्ती विझू द्या," सर म्हणाले.

आई बाकावर टेकली. ग्लासाखालची मेणबत्ती झटकन विझली, बरणीखालची रेंगाळली. "मोठ्या भांड्यात जास्त वेळ जयते," ती आपणहून बोलून गेली.

"तुमाले कसं मालूम?"

"कसं मालूम म्हंजे? आता माह्या डोयानं पाह्यलं ना!"

सरांना इतका आनंद झालेला मी पगारवाढीलाही पाहिला नव्हता. आई मात्र घरी जाताना रागही विसरली आणि बरणीही.

सर निवृत्त व्हायच्या सुमाराला मात्र अगदी गप्प झाले. एका दुपारी वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन म्हणाले, "मी गेलो का पोट्टे पुन्हा गाइड उतरवतील. सारं पान्यात जाईल, बाई." मी म्हटलं, नाही हो उतरवणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाले कसं मालूम?" मला फार वाईट वाटलं.

सर राजुऱ्याला मुलाकडे राहायला गेले. जूनमध्ये नव्या मॅडम आल्या. बिचाऱ्या कष्टाळू, पहिल्याच तासाला अर्धा फळा भरून टाकला. मी खडू मागायला दारात गेले होते. तेवढ्यात ती बरणीवाली मुलगी उभी राहिली. "मॅडम, आमी पयले करून पाहू का? मंग लिवतो." मागून आणखी दोघं उठली. मॅडम क्षणभर गोंधळल्या, मग त्यांनी हसून खडू खाली ठेवला.

संध्याकाळी मी सरांना फोन लावला. "सर, पोरं गाइड उतरवत नाहीत."

"तुमाले कसं मालूम?"

"माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

सर हळूच म्हणाले, "थांबा बाई, वही घेऊन येतो. पयल्यापासून सांगा."

वही आणायला त्यांना बराच वेळ लागला. मी फोन कानाशी धरून बसून राहिले, मलाही भरून आलं होतं. वही तर त्यांच्या खिशातच असायची.