वीजमाणसाचे पाहुणे

माझ्या सिनेमात मी हेडमास्तरांना घेतलं, ही माझी चूक. त्यांनी सांगितलं नव्हतं, सुचवलंही नव्हतं. असा काही सिनेमा चाललाय हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. मीच आपल्या पायाने त्यांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "सर, तुम्हालाही घेतो."

पन्नास वर्षं झाली या गोष्टीला. अजून या वाक्यापाशी आलो की माझं डोकं फिरतं.

सिनेमा म्हणजे काय ते आधी सांगतो. दुष्काळाचं साल होतं. जामखेडच्या पुढच्या एका गावात मी हायस्कूलवर चित्रकला शिकवायला लागलो होतो. वय तेवीस, मिशी नवी, आणि स्वतःबद्दलचं मत फार चांगलं. गावात विजेचे खांब येऊन दोन वर्षं झाली होती, तारा यायच्या होत्या. तोवर लोक खांबांना शेरडं बांधत. निम्म्या पोरांचे आईबाप खडी फोडायला जात. मी फळ्यावर मडकं काढलं की एखादं पोर विचारायचंच, "गुर्जी, भरल्यालं काढू का रिकामं?"

या पोरांसाठी मी एक वीर तयार केला. नगरच्या स्टँडवर तेव्हा चित्रांची पुस्तकं मिळत. अंगाला चिकटलेले कपडे घालून इमारतींवरून उड्या मारणारे त्यातले साहेब लोक मला तोंडपाठ होते. माझा वीर त्या सगळ्यांच्या वरचढ व्हायचा होता. नाव वीजमाणूस. पिवळा धमक अंगरखा, मानेवर रुळणारे केस, बोटांतून ठिणग्या. अख्खी सीना नदी पिऊन झोपलेल्या राक्षसाला तो हुडकून काढणार, त्याच्या पोटावर लाथ घालणार, आणि नदी लोंढ्याने परत येणार. ती लाथ आणि तो लोंढा मिळून नऊ हात कागद होता. सगळा खटाटोप त्या नऊ हातांसाठी. पोरांना मी महिनाभर सांगत होतो की थांबा, नदी आणून दाखवतो.

कागद हातावर मोजायचा, कारण माझा पडदा म्हणजे चहाचं रिकामं खोकं. पुढच्या बाजूला चौकट कापलेली, मागची बाजू सताड उघडी, आणि आत वर-खाली दोन लाटणी. त्या भागात रोज भाकरीच, लाटणी सणावारीच लागायची, म्हणून घरमालकीणबाईंनी दिली. ड्रॉइंगचे कागद खळीने एकापुढे एक चिकटवून लांबलचक पट्टा करायचा, त्याला गोडेतेल पुसायचं म्हणजे उजेड आरपार जातो, आणि तो पट्टा एका लाटण्यावरून दुसऱ्यावर गुंडाळत न्यायचा. चित्रं सरकत जातात. मागून उजेड मात्र भक्कम पाहिजे. कंदिलाने काही भागेना. मग मला सुचलं, आणि तेवढ्यापुरता मी खरंच हुशार होतो, की ऊन फुकट आहे आणि यंदा तर रग्गड आहे. वर्ग घोंगड्या लावून अंधारा करायचा, पूर्वेच्या एका खिडकीला खोकं टेकवायचं, आणि बाहेर पटांगणात मोठा आरसा धरून उन्हाचा झोत खिडकीतून खोक्यात सोडायचा.

अडचण एकच होती. खेळ शाळा सुटल्यावर करायचा, म्हणजे सूर्य शाळेच्या पाठीमागे कललेला. शाळेची सावली पटांगणात पुढे पुढे येणार आणि आरसा धरणाऱ्याने तिच्यापुढे मागे मागे सरकत जायचं. मागे कुंपणाची भिंत. त्याची पाठ भिंतीला लागली की खेळ खलास. मी आधी घड्याळ लावून पाहिलं, अर्धा तास मिळत होता. माझा सिनेमा पंचवीस मिनिटांचा होता. कसं अगदी चपखल.

पण कागद होता हेडमास्तरांच्या कपाटात.

"मला घेता?" ते म्हणाले. "राक्षस म्हणून की काय?"

"छे, सर. वीजमाणसाला मार्ग दाखवणारे गुरू."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "किती वेळ आहे आमचं काम?"

"एक चित्र, सर."

"एका चित्रात मार्ग दिसतो का?"

चार चित्रं झाली. मग टोपीचं टोक चुकलं होतं, ते पुन्हा काढलं. मग मागे जिल्ह्याचा नकाशा हवा होता आणि हातात छडी. पुढे त्यांना स्वच्छतेवर बोलायचं होतं.

"राक्षसाकडे जाण्याआधी त्याला हातपाय धुवायला सांगतो."

"सर, नदी राक्षसाने प्यायलीय."

"मग नुसते झटकायला सांगू," हेडमास्तर म्हणाले. आणि मी, चित्रकलेची परीक्षा चांगल्या श्रेणीत पास झालेला माणूस, हातपाय झटकणारा वीजमाणूस काढत बसलो.

गावात गोष्ट दाबून राहत नाही. चहाचं खोकं किराणा दुकानदाराचं होतं. ते देताना त्याने काही अट घातली नव्हती. हेडमास्तर सिनेमात आहेत हे कळल्यावर त्याने मला दुकानातूनच हाक मारली.

"मास्तर, वीजमानूस राक्षसाकडं जानार कुन्या रस्त्यानं?"

"कुठल्यातरी. का?"

"न्हाई, आपल्या दुकानावरनं गेला तर बिघडंल का काही? मानसाला भूक लागती."

वीजमाणूस दुकानावरून गेला. थांबला. गूळ-शेंगदाणे खाल्ले. दुकानदार खोलीवर येऊन चित्र बघून गेला आणि म्हणाला, "बरण्या सात हायेत आपल्याकडं. तुमी पाचच काढल्यात." मी दात खाऊन आणखी दोन बरण्या काढल्या. त्यांना झाकणंही काढली.

आरसा सलूनवाल्याचा. गावातला सगळ्यात मोठा आरसा त्याच्याच दुकानात. सगळे त्याला मामा म्हणत, मीही म्हणायचो. तो लगेच म्हणाला, "न्या की. धरायला मीच येतो, दुसऱ्याच्या हातनं फुटंल." मग खुर्ची झटकता झटकता हळूच म्हणाला, "आमाला बी घ्या कुटंतरी. कोपऱ्यात चालंल."

कोपरा म्हणाला होता तो. बाकी काही नाही.

मी कोपऱ्यात काढायला बसलो आणि माझा हात थांबेना. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा पाजळणारा हात, गिऱ्हाइकाची मान दोन बोटांनी वळवायची तऱ्हा, कात्री हवेत नुसतीच वाजवायची सवय, ओठात धरलेला कंगवा. हे सगळं मी दर पंधरा दिवसांनी त्याच्या खुर्चीत बसून बघत आलो होतो. लढाईआधी वीजमाणसाला केस कापायला बसवला आणि आठ कागद भरले. हेडमास्तर आणि दुकानदार डोक्यावर बसले होते म्हणून मी चडफडत होतो, पण हे आठ कागद कुणी मागितलेच नव्हते. आता सिनेमा चाळीस मिनिटांवर गेलाय हे मला कळत होतं. मी मनाशी ठरवलं, लाटणं भराभर फिरवू. इतका मी शहाणा.

खेळ सुरू झाला. हेडमास्तर पुढे खुर्ची टाकून बसले, मागे पोरं आणि त्यांच्या मागे दाटीवाटीने गाव. त्यांचं चित्र आलं तसे ते म्हणाले, "जरा थांबा," आणि उभे राहून चित्राखाली लिहिलेला उपदेश मोठ्याने वाचला. मग समजावून सांगितला. मग पोरांना प्रश्न विचारले. मी लाटणं धरून उभा. खिडकीच्या फटीतून मला मामा दिसत होता. आरसा छातीशी धरून, सावली पायाला लागली की एक पाऊल मागे, पुन्हा एक पाऊल मागे. दुकान आलं तसा दुकानदार मागून ओरडला, "मास्तर, दमानं. नीट दिसू द्या." बरण्या नीट दिसल्या. मग सलून आलं आणि पोरं जी हसायला लागली, एकमेकांच्या माना वळवायला लागली, की मीसुद्धा हात सैल सोडला. मला वाटलं, हसू द्या दोन घटका. बाहेर मामाची पाठ भिंतीला लागली होती. मग तो भिंतीवर चढला. आरसा डोक्यावर घेऊन चवड्यांवर उभा राहिला.

राक्षसाच्या पायाचा अंगठा पडद्यावर आला आणि पडदा मावळला. नऊ हात कागद लाटण्यावर तसाच गुंडाळलेला.

हेडमास्तरांनी आभार मानले. दुकानदाराने खोकं हळू न्यायला सांगितलं. पाचवीतली एक पोरगी जाता जाता मला म्हणाली, "गुर्जी, त्यो पिवळा मानूस कोन व्हता?"

"तोच वीजमाणूस."

"आन् त्यो काय करतो?"

मी मनात यादी केली. त्याने उपदेश ऐकला होता, शेंगदाणे खाल्ले होते आणि केस कापून घेतले होते.

असा राग मला त्याआधी आला नव्हता. खोलीवर आलो, पट्टा जमिनीवर पसरला आणि कात्री घेतली. म्हटलं, एकेकाला कापतो. पहिले हेडमास्तर. त्यांच्यापाशी कात्री नेली आणि आठवलं की माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. त्यांच्या टोपीवरचं दोन बोटं आभाळ कापलं. पुढे दुकानदार. खोकं त्याचं, आणि खोक्याशिवाय खेळ नाही. दोन बरण्या कापल्या, त्या मागाहून काढलेल्या. मग सलून आलं. तिथे माझी कात्री अशी चालली की काय सांगू. आठच्या आठ कागद. मामा काही बोलणार नाही, आरसा तर देणारच, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच राग तिथे पुरा निघाला. तुकडे ट्रंकेत कोंबले आणि राहिलेलं खळीने जोडून टाकलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळ ठेवला. मामा आरसा घेऊन आला. अंगात धुतलेला सदरा होता आणि बरोबर बायको. त्याने आरसा शाळेच्या शिपायाच्या हातात दिला.

"आज तू धर गड्या," तो म्हणाला. "मागल्या बारीला म्या भाईरच व्हतो. ल्वाक म्हनत्यात लई झ्याक काढलंय मला. हिला बी दाखवतो."

तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्या गावाने त्याला पाहिलं होतं, आणि तो पटांगणात सावलीपुढे मागे मागे सरकत होता. ट्रंक खोलीवर होती. पाच मिनिटांची वाट. मी पोरांना थांबवू शकत होतो.

"बसा मामा," मी म्हणालो.

हेडमास्तरांनी उपदेश वाचला, मात्र मध्येच थांबून म्हणाले, "या वेळी डोक्यावर आभाळ कमी पडलं." दुकान आलं, पाच बरण्या आल्या. त्यानंतर थेट राक्षस. आणि राक्षसापुढे वीजमाणूस उभा, बारीक केस कापलेला, कारण लढाईची चित्रं मी सलूननंतर तशीच काढली होती.

"गुर्जी," एक पोर म्हणालं, "ह्येचे केस कुनी कापले?"

"सलूनवाल्या मामांनी," मागून दुसरं म्हणालं. "मागल्या बारीला व्हतं ते."

"मंग आज कुटं गेलं?"

मी लाटणं जोरात फिरवलं. पडद्याचा उजेड पुढच्या रांगांवर पडत होता आणि त्यात मामाचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता. प्रत्येक नवं चित्र आलं की तो किंचित पुढे झुके. हे नाही, तर पुढचं असेल. लाथ बसली. नदी सुटली. नऊच्या नऊ हात, लख्ख उन्हात, एक बोटही न गळता. मला वाटलं, आता पोरं ओरडतील. मग मागच्या अंधारातून आवाज आला, "मामांचं लावा की परत."

खेळ संपला. माझ्या वीराची लढाई सगळ्यांनी पाहिली होती आणि त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. मी बाहेर आलो. मामाने शिपायाकडून आरसा घेतला होता आणि खांद्यावरच्या टॉवेलने पुसत होता. बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर सावरून चालू लागली.

"मामा, ऊन पुरत नव्हतं ना, म्हणून मग..." मी सुरुवात केली.

"न्हाई न्हाई. त्ये ऱ्हाऊ द्या." त्याने आरसा काखेत मारला, दोन पावलं गेला आणि वळला.

"मास्तर, राग मानू नका," तो म्हणाला, "पर तुमच्या त्या वीजमानसाला त्वांडच न्हाई. माज्या खुर्चीत येऊन बसला, तर वस्तरा कुटं लावायचा, मला कळनार न्हाई."