साहेबाच्या अठरा सूचना

आम्ही जुने कतारवाले चहाला बसलो, की एकाने तोंड उघडायचा अवकाश, दुसऱ्याला तीन गोष्टी आठवतात. त्यातल्या निम्म्या तरी दाऊदभाईच्या! दाभोळचा फिटर. खांदे रुंद, आवाज मात्र बारीक.

साठच्या दशकातलं दोहा म्हणजे लहानसं गाव. तेलकंपनीच्या कॅम्पात आम्ही रत्नागिरीकडचे पाच जण एका खोलीत राहायचो. पहिल्याच दिवशी गोऱ्या साहेबाने सेफ्टीचा छापील कागद दिला. अठरा सूचना! बाजारात एकटे जाऊ नका, बाहेरचं पाणी पिऊ नका, गावकऱ्यांकडे जेवू नका...

मी वाचून दाखवलं. दाऊदभाईने कागदाची घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली.

"चला, टेबल तरी सेफ झालं!"

*

महिन्याभरात उकळलेलं पाणी पिणाऱ्या साहेबाचंच पोट बिघडलं. आम्ही टँकरचं पाणी पिऊन ठणठणीत! दाऊदभाई तांदळाची पेज घेऊन बंगल्यावर गेला.

साहेबाने संशयाने विचारलं, "बाहेरचं आहे?"

"हो साहेब. आतलं खाऊन तर तुम्ही आडवे झालात!"

*

एका शुक्रवारी शॉर्टकटच्या नादात आम्ही दोघं वाळवंटात वाट चुकलो. घशाला कोरड पडली, मी तर मनातल्या मनात कलमा म्हणायला लागलो. तेवढ्यात एका म्हाताऱ्या बदू मेंढपाळाचा तंबू दिसला. त्याने पाणी दिलं, खजूर दिले, मग मटण-भाताचं ताट पुढे सरकवलं.

मी कुजबुजलो, "गावकऱ्यांकडे जेवायचं नाही, सूचना आहे."

"मग तू सूचना पाळ. तुझा वाटा मी खातो!"

*

आणि मग ते पत्र आलं. दाऊदभाईची आई अंथरुणाला खिळली होती. मुंबईची बोट गुरुवारी. पासपोर्ट सगळ्यांचे ऑफिसच्या तिजोरीत.

साहेब म्हणाला, "कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत मिळणार नाही. तिथे तो सेफ आहे."

दाऊदभाई खोलीवर आला, वळकटी उचलली आणि थेट तिजोरीसमोर नेऊन अंथरली.

"मग मीही इथेच सेफ आहे, साहेब."

"नोकरी जाईल! पोलीस बोलावीन!"

"बोलवा."

आवाज बारीकच, पण माणूस दोन दिवस हलला नाही. बुधवारी दुपारी साहेबाने तिजोरी उघडून पासपोर्ट त्याच्यासमोर आपटला. "खलास! जा आता."

दाऊदभाईने तो खिशात घातला, पण उठला नाही.

"त्या चौघांचेही द्या."

"कुठल्या चौघांचे?"

दाऊदभाईने दाराकडे बोट केलं. काखेत वळकट्या मारून आम्ही चौघं उभे होतो.