ह्यूस्टनच्या सायकलची चौकशी

कळंबात एखाद्या घरी मुलीला स्थळ आलं, की पत्रिका जाते गुरुजींकडं आणि मुलाचं नाव-गाव जातं बलभीम आप्पांकडं. गुरुजी ग्रह बघतात. आप्पा बाकीचं सगळं बघतात.

आप्पा एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर होते. कळंब-भूम, कळंब-परंडा, कळंब-तुळजापूर. या रस्त्यांवरच्या प्रत्येक थांब्यावर त्यांच्या ओळखीचा एक चहावाला, एक न्हावी आणि एक पिठाची गिरणी आहे. चौकशीला निघाले की ते मुलाच्या घरी आधी कधीच जात नाहीत. न्हाव्याकडं दाढीला बसतात. एका दिवसात तीन गावं असली तर तिसऱ्या गावात दाढी करण्यासारखं काही उरलेलं नसतं. तिथं डोक्याला मालिश करून घेतात. आजवर एकशे बारा स्थळं बघितली, सत्तेचाळीस नापास केली आणि पास केलेल्या घरातून एकही मुलगी परत माहेरी आली नाही, असं ते सांगतात.

"एक आली होती. येडशीची," असं त्यांच्या पत्नी द्वारकाबाई दर वेळी म्हणतात.

"ती सासूमुळं. सासूची चौकशी मला सांगितलीच न्हवती."

सगळ्यात जास्त मुलं नापास होतात ती गाडीवर. मंडळी बघायला येणार म्हणून दारात उभी केलेली चारचाकी मुलाचीच असते असं नाही. ती मेहुण्याची असते, मित्राची असते, कधी भाड्याची असते. आप्पा गाडीभोवती एक फेरी मारतात, रंगाचं कौतुक करतात आणि सहज विचारतात, "टाकीचं झाकण कंच्या बाजूला हो?" स्वतःची गाडी असलेला माणूस बोट दाखवतो. दुसऱ्याची आणलेला हसतो. परंड्याकडच्या एका मुलाला त्यांनी नुसता हॉर्न वाजवायला सांगितला, तर त्यानं वायपर सुरू केले. भर उन्हात कोरड्या काचेवर वायपर करकरत राहिले आणि ते बंद कसे करायचे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आप्पा पोहे खाऊन लगेच निघाले.

गेल्या सप्टेंबरात मात्र आप्पांकडं असं स्थळ आलं की तिथं ना न्हावी ओळखीचा, ना गिरणी. मुलगा ह्यूस्टनला होता.

मुलगी आप्पांच्या सख्ख्या भाच्याची, रणधीरची. रणधीरचं बाजारपेठेत खत-बियाणांचं दुकान आहे आणि मुलगी निकिता धाराशिवच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवते. मुलगा कृष्णराज मूळचा भूमचा, इंजिनियर. त्याच्या आईनं फोटो पाठवला होता. मागं भलीमोठी काळी गाडी, पुढं हाताची घडी घातलेला कृष्णराज.

रणधीर एका रविवारी फोटो घेऊन आला. "मामा, गाडी बघा. आपल्या दुकानाच्या शटरात मावायची न्हाय. तुम्ही पास म्हणला, की पुढच्या रविवारी सुपारी फोडू. न्हाय म्हणला, तर बार्शीच्या मंडळींना उद्या रात्री होकार कळवतो. त्यांच्या दारात दोन चारचाक्या आन् दोन ट्रक हायेत. ते लई दिवस थांबणार न्हाईत."

"म्हंजी उद्या रातच्याला सांगायचं?"

"आठ वाजता येतो."

निकिता बापाच्या मागं उभी होती. आप्पांचा फोन जुना असल्यानं व्हिडिओ कॉलसाठी आपला फोन तिनं पुढं केला आणि तो साखरेच्या डब्याला टेकवून बाजूला बसली, पडद्यावर दिसणार नाही अशी.

कृष्णराज लागला. रामराम झाला. आप्पांनी भूमचं हवापाणी विचारलं, गाडीच्या रंगाचं कौतुक केलं आणि सहज म्हणाले, "टाकीचं झाकण कंच्या बाजूला हो तिचं?"

मग कृष्णराज म्हणाला, "आप्पा, गाडी माझी न्हाय. शेजाऱ्याची हाय. मी नुसता पुढं उभा राहिलो होतो. आईनं तोच फोटो निवडला."

"मग तुमची कंची?"

"सायकल."

आप्पांनी द्वारकाबाईंकडं बघितलं. आता कळंबात दूधवालासुद्धा सायकलवर फिरत नाही. सायकली उरल्या त्या शाळेच्या पोरींकडं आणि डॉक्टरनं दम दिलेल्या व्यापाऱ्यांकडं. चांगला पगार असलेला माणूस, तोही अमेरिकेत, कामाला सायकलवर जातो म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय. चौतीस वर्षं लोकांची तिकिटं तपासलेल्या आप्पांना एकच कारण सुचलं.

"दारू पिऊन गाडी चालवताना धरलं होतं का? लायसन जप्त केलंय?"

निकितानं कपाळाला हात लावला. पण कृष्णराज मोठ्यानं हसला. "आप्पा, हितं पण सगळे हेच इचारतात! आफिसातला एक जण आठवडाभर हळूच येऊन म्हणायचा, लाज वाटून घेऊ नकोस, मी सोडत जाईन तुला. लायसन हाय माझ्याकडं. गाडी न्हाय. लागतच न्हाय. आफिस सात मैल. अकरा किलोमीटर म्हणा."

"बरं. उद्या जाताना दावा."

"काय?"

"रस्ता. तुम्ही सायकलवर बसा, फोन पुढं लावा. मी बघतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसहाला, म्हणजे ह्यूस्टनला सकाळी सव्वासात वाजता, आप्पा साखरेच्या डब्यासमोर बसले. निकिता कॉलेजातून थेट इथंच आली होती. द्वारकाबाई चहा घेऊन टेकल्या. कृष्णराजनं फोन हँडलला अडकवला, कॅमेरा पुढं केला आणि अमेरिका हलायला लागली.

पहिल्या दोन मिनिटांत आप्पांनी बावीस गाड्या मोजल्या आणि माणूस एकही नाही. सारखी घरं, सारखी हिरवळ, घरटी दोन-तीन गाड्या.

"लोक कुठं गेले? सुट्टी हाय का?"

"गाड्यांत हायेत, आप्पा. काचा वर असतात."

पुढं एक गुळगुळीत फुटपाथ लागला. शंभर पावलं नीट चालला आणि एका खांबापाशी गवतात गडप झाला.

"आरं, ह्यो कुठं गेला?"

"संपला."

"असा मधीच? पलीकडं जाणाऱ्यानं काय करायचं?"

"पलीकडं पायी कुणी जातच न्हाय."

मग पांढऱ्या पट्ट्यानं आखलेली एक अरुंद वाट आली, तिच्यावर सायकलचं चित्र होतं. ही खास सायकलींसाठी, असं कृष्णराजनं अभिमानानं सांगितलं. त्या वाटेवर ओळीनं कचऱ्याचे मोठे डबे उभे होते.

"आज कचऱ्याचा वार हाय," तो डब्यांना वळसा घालत म्हणाला.

आता मोठा रस्ता आला. सहा पदरी, आणि गाड्या अशा की एकेकीत येरमाळ्याच्या यात्रेचं एक बिऱ्हाड बसेल. आप्पांनी पाय पाटावर घेतले. एक उंच गाडी अगदी जवळून गेली, काच खाली झाली, आतला माणूस काहीतरी ओरडला आणि पुढं निघून गेला.

"काय म्हणाला त्यो?"

"सोडा, आप्पा."

"सोडा न्हाय. चौकशीत समदं येतं. काय म्हणाला?"

"गाडी घे म्हणाला."

द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हंजी तिकडं बी रणधीर हाय की!"

सहाव्या मैलाला सायकल डुगडुगली आणि थांबली. मागचं चाक बसलं होतं. कृष्णराजनं फोन काढून गवतात उभा केला आणि पिशवीतून हत्यारं काढली. पडद्यावर त्याचे गुडघे आणि आभाळ दिसत होतं. आप्पांना आता खरी चौकशी सुरू झाल्यासारखं वाटलं. संकटातला माणूस न्हाव्यापेक्षा जास्त माहिती देतो.

"आफिसला उशीर हुईल न्हवं? काय सांगणार?"

"तेच कळवतोय," म्हणून त्यानं एक निरोप बोलून पाठवला. इंग्रजी होतं. आप्पांनी निकिताकडं मान वळवली.

"सायकल पंक्चर झाली, वीस मिनिटं उशीर होईल, असं म्हणाला," ती हळू म्हणाली.

आप्पांनी मान हलवली. उशिरा येणाऱ्या ड्रायव्हरांनी सांगितलेल्या, मेलेल्या आणि पुन्हा मेलेल्या आज्यांची यादी त्यांना तोंडपाठ होती. पंक्चर झालं म्हणून पंक्चर सांगणारा क्वचित भेटला होता.

तेवढ्यात एक गाडी थांबली. आतून एक म्हातारी उतरली आणि घाबऱ्या आवाजात काहीतरी विचारू लागली. कृष्णराजनं हसून चाक दाखवलं, बराच वेळ समजावलं, तेव्हा कुठं ती गेली.

"ॲम्ब्युलन्स बोलवू का म्हणत होती," तो म्हणाला. "रस्त्याच्या कडेला माणूस बसलेला दिसला की हितं तसंच वाटतं."

त्यानं ट्यूब काढली. बुडबुडे बघायला पाण्याची पाटी नव्हती, म्हणून ट्यूब गालाजवळ धरून वारा कुठून येतो ते शोधलं, ठिगळ लावलं आणि टायर चढवायला घेतला.

"अरे, आधी टायरच्या आतून हात फिरव!" निकिता एकदम म्हणाली. "खिळा आतच असेल. मागच्या वेळी पण असंच केलंस आणि दोनदा पंक्चर काढत बसलास."

आप्पा पडद्यावरून निकिताकडं वळले.

"मागच्या वेळी?" आप्पा म्हणाले. "मागच्या वेळी म्हंजी कवा?"

निकितानं चहाचा कप उचलून तोंडाला लावला.

"जुलैत," गवतातून आवाज आला.

"तू गप्प बस रे!" निकिता म्हणाली.

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एकशे बारा घरांच्या चुलीपर्यंत पोचलेला माणूस, आणि स्वतःच्या घरातलं कळलं नाही. त्यांनी बायकोकडं बघितलं. द्वारकाबाईंना आश्चर्य वाटल्याचं कुठंच दिसत नव्हतं.

"तुला ठावं होतं?"

"मला कुणी इचारलंच न्हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुमी गिरणीवाल्याला इचारता, न्हाव्याला इचारता. पोरीला कवा इचारलंय?"

निकितानं मग सगळं सांगितलं. जूनमध्ये परिचयपत्र आलं तेव्हापासून दोघं बोलत होते. सायकलचं तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. "आणि आप्पा, झाकणाचं मीच त्याला सांगून ठेवलं होतं. तुम्ही विचारणार हे अख्ख्या कळंबाला माहीत आहे. त्यानं शेजाऱ्याला विचारलंही होतं. डावीकडं आहे."

हे मात्र आप्पांना लागलं. ते पडद्याकडं वाकले. "आवं, उत्तर ठावं होतं तर सांगितलं का न्हाय?"

"सांगणार होतो," कृष्णराज टायरच्या आतून खिळा काढत म्हणाला. "पण मग तुम्ही हॉर्न वाजवायला लावला असता. तेवढ्यासाठी शेजाऱ्याला कुठं उठवू?"

आप्पांना हसू आलं. ते आवरायला त्यांनी द्वारकाबाईंना चहा गार आहे म्हणून दटावलं.

आठ वाजता रणधीर आला. त्याचं घर तिथून दोनशे पावलांवर आहे. तो गाडी घेऊन आला आणि ती लावायला जागा शोधण्यात त्याची दहा मिनिटं गेली. आप्पांचा अहवाल नेहमी थोडक्यात असतो.

"पोरगा पास. फोटोतली गाडी त्याची न्हाय. त्यो कामाला सायकलवर जातो."

रणधीर आधी हसला. मग हसायचं थांबला. "मामा, अमेरिकेला जाऊन सायकल? मग भूम काय वाईट होतं? माझी पोरगी तिकडं काय क्यारेजवर बसून जाणार?"

"मी स्वतःची घेईन," निकिता म्हणाली. "क्यारेज टोचतं."

"तू गप. मामा, त्याला म्हणावं लग्नाआधी गाडी घे. न्हायतर बार्शी ठरली."

"आज असाच एक जण त्याला रस्त्यात भेटला," आप्पा म्हणाले. "काच खाली करून वरडला, गाडी घे म्हणून. आन् तुझ्यासारखाच जागा हुडकत पुढं गेला. रणधीर, तुझ्या पोरीला समदं ठावं हाय. जूनपासून. दोनशे पावलांवर यायला बी गाडी काढतोस तू, तुला सायकल कळायची न्हाय. पण पोरीचं तर इचार."

रणधीरनं पोरीकडं बघितलं. तिनं मान खाली घातली नाही.

गाडीची किल्ली खिशात घालत त्यानं विचारलं, "मामा, लोकांना काय सांगू?"

"तू नको सांगू. मी सांगतो."

रविवारी सुपारी फुटली. रणधीरच्या गच्चीवर दीडशे माणूस होतं. त्याच्या चुलत्यानं, ज्ञानोबानं, मांडवात मोठ्यानं विचारलं, "पाव्हण्यांची गाडी कंची म्हणायची?" रणधीरनं जिलेबीच्या ताटाकडं लक्ष दिलं. आप्पा उभे राहिले आणि एसटीत तिकीट कुणाचं राहिलंय म्हणून ओरडायचे त्याच आवाजात म्हणाले, "गाडी न्हाय. सायकल. कामाला सायकलवर जातो, पंक्चर सोता काढतो. म्या डोळ्यांनी बघितलंय."

सगळी गच्ची थट्टा समजून हसली. ज्ञानोबानं आप्पांच्या पाठीवर थाप मारली. रणधीरचा जीव भांड्यात पडला.

मंगळवारपर्यंत बाजारपेठेत मुलाच्या तीन गाड्या झाल्या होत्या. आप्पा सांगत नाहीत म्हणजे नजर लागू नये म्हणून, हेही लोकांनी ठरवून टाकलं होतं. बुधवारी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहावाल्या सिद्धारामनं चार म्हणून सांगितलं, एक बिनछपराची.

"सायकल हाय एक," आप्पा म्हणाले. "बाकी काय न्हाय."

"सायकल तर असंलच की, आप्पा," सिद्धारामनं चहा गाळत म्हटलं. "एवढ्या गाड्या म्हणल्यावर व्यायामाला काहीतरी लागतंच माणसाला."