सम नंबरांची बाजू

ऑकलंडच्या काउन्सिलात मी पावसाच्या पाण्याच्या गटारांचं काम बघायचो. पण आमच्या ओळखीतल्या मराठी मंडळींच्या डोक्यात पुण्याची महानगरपालिका पक्की बसलेली होती. त्यामुळे नवीन आलेलं प्रत्येक कुटुंब पहिल्याच भेटीत विचारायचं, "तुम्ही काउन्सिलमध्ये ना? मग शाळेचं तेवढं बघाल का?" इथे शाळाप्रवेशाशी काउन्सिलचा काही संबंध नसतो, ते शाळेचं बोर्ड ठरवतं, असं मी सांगायचो. त्यांना ते टाळणं वाटायचं.

मग मीच बोर्डावर गेलो. निवडून गेलो म्हणायचं. पालकांच्या पाच जागा होत्या आणि अर्जही पाचच आले होते.

त्या वर्षी शाळा भरून वाहत होती. लायब्ररीत एक वर्ग बसत होता, मैदानाच्या कडेला दोन तयार प्रीफॅब खोल्या आणून ठेवल्या होत्या. झोन आखा, असं मंत्रालयाचं पत्र आलं. झोनच्या आत राहणाऱ्या मुलाला प्रवेश नाकारायचा नाही आणि बाहेरच्यांना जागा उरली तर चिठ्ठ्या टाकायच्या, असा नियम. मुख्याध्यापिकाबाईंनी नकाशा टेबलावर पसरला आणि पेन माझ्या हातात दिलं. "तू इंजिनिअर आहेस," त्या म्हणाल्या. गटारांचा, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत, चालतंय की.

आमच्या बाजूला दुसरी एक शाळा होती. तिच्यापासून आणि आमच्या शाळेपासून जिथे अंतर सारखं पडेल तिथून रेघ न्यायची, हे सगळ्यांना पटलं. मी मोजणीचं चाक घेऊन एका रविवारी आमच्या हिल्सबरो भागातल्या चढ-उतारांवरून दिवसभर चाललो. रेघ आमच्याच रस्त्याच्या मधोमध आली. विषम नंबरांची घरं आत, सम नंबरांची बाहेर. माझं घर विषम होतं.

मी बैठकीत ते सांगितलं.

"तुला अजून मुलं घालायचीत शाळेत?" बाईंनी विचारलं.

"नाही. दोन्ही आधीपासून आहेत."

"मग इतिवृत्तात लिहू."

लिहिलं गेलं. पण समोरच्या सम नंबराच्या घरात नागपूरची एक नर्स राहायची, तिची मुलगी चार वर्षांची होती, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. इथे मूल पाच वर्षांचं झालं की त्या आठवड्यात शाळेत जातं. आमच्या मुलांचा लहान झालेला युनिफॉर्म माझ्या बायकोने तिला कधीच देऊन ठेवला होता.

पालकांची सभा झाली तेव्हा ती ड्यूटीवरून थेट आली, हॉस्पिटलच्या कपड्यांतच, आणि दुसऱ्या रांगेत बसली. प्रश्नांची वेळ आल्यावर तिने हात वर केला.

"आमची बाजू बाहेर का?"

"दुसरी शाळा तुम्हाला जवळ पडते," बाई म्हणाल्या.

"कितीने?"

बाईंनी कागद पाहिला. "अकरा मीटरने."

"कोणी मोजलं?"

अख्ख्या बोर्डाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी."

"आणि तुमच्या फाटकापासून?"

"ही शाळा नऊ मीटरने जवळ आहे."

तिने ते वहीत लिहून घेतलं आणि खाली बसली. नंतर पार्किंगमध्ये तिने मला गाठलं.

"दादा, मोजताना माझी पोरगी एकदाही डोळ्यांसमोर आली नाही का?"

"आली. म्हणून दोनदा मोजलं."

गाडीत बसून तिने पट्टा लावला, आरसा नीट केला आणि निघून गेली. दोनदा मोजलं हे खरं होतं. दुसऱ्यांदा मोजताना तिच्या फाटकापासून आमच्या शाळेपर्यंत चाक थोडं कमी फिरावं असं मला वाटत होतं, हेही खरं होतं. ते मी तिला सांगितलं नाही. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग तसं तिला का नाही बोललात?" आणि भांडी आवरायला गेली.

चिठ्ठ्या टाकल्या त्या दिवशी तीन जागा होत्या आणि नऊ अर्ज. जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे सरकारमान्य साक्षीदार, म्हणून एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या. त्यांनी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून एकेक नंबर काढला. मी बाहेर व्हरांड्यात थांबलो होतो. समोरच्या मुलीचा नंबर सातवा निघाला, म्हणजे प्रतीक्षायादीत चौथा. ती दुसऱ्या शाळेत गेली.

पुढचे काही महिने समोरच्या घराशी आमचं बोलणं कचऱ्याच्या गाडीपुरतं राहिलं. ही बाजू उद्या की परवा, एवढंच.

मग एक कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं आणि झोनबाहेरची एक जागा मोकळी झाली. यादीतल्या आधीच्या तिघांनी इतरत्र सोय केली होती. ऑफिसातल्या बाई फोन लावणार होत्या. मी म्हणालो, थांबा, मी स्वतः सांगतो.

संध्याकाळी मी रस्ता ओलांडून गेलो. तिने दार उघडलं, आत बोलावलं, पाणी दिलं. मी जागेचं सांगितलं. काय बोलायचं ते चालत येताना मनात जुळवलं होतं, पण वेळच आली नाही.

"नको दादा," ती म्हणाली. "आता तिच्या मैत्रिणी झाल्यात तिथे. शनिवारी शाळा का नसते म्हणून रडते."

आतून मुलगी ओरडली, "आई, हू इज इट?"

"समोरचे काका," ती म्हणाली. मग मला विचारलं, "चहा टाकू?"

टाक, म्हणालो. चहा पिताना आम्ही तिच्या छताच्या तुंबलेल्या पन्हळीबद्दल बोललो. त्यातलं मला कळत होतं.

सकाळी ऑफिसातल्या बाईंनी यादीतल्या पुढच्या घरी फोन लावला. तिकडून तो पहिल्याच रिंगला उचलला गेला.